उसाच्या पेशींतील कोठ्या आणि खारावलेले रान

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील बागाईतदार मंडळींच्या तोंडून दरसाल उन्हाळ्यात एकच तक्रार ऐकू येते. रानात ओल आहे, पाटाची पाळी चुकलेली नाही, खताचा हात आखडलेला नाही. तरी उसाच्या पानांचे शेंडे करपतात, फुटवे मरतात आणि रानाच्या सखल अंगास पांढरी खपली धरते. त्या रानाचा रस चुलाणावर चढविला तर गूळ नीट बसत नाही व जिभेस खारट लागतो. पाण्यात उभे राहून पिकाने तहानेने मरावे, हे नवख्यास चमत्कारिक वाटेल. आपणांस ते नित्याचे झाले आहे. या प्रकाराचे अर्धे उत्तर जमिनीत आहे, हे बहुतेकांस ठाऊक असते. उरलेले अर्धे उसाच्या कांड्यात, नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या खणांत आहे. ते खण कोणते, त्यांची कामे कोणती, आणि ती समजल्यावर आपल्या पाणी देण्याच्या रीतीत काय फरक पडावा, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचे योजिले आहे.

पेशी आणि तिचे खण

इमारत जशी विटांची, तसे प्रत्येक वनस्पतीचे व प्राण्याचे शरीर पेशींचे बनलेले असते. 1665 साली रॉबर्ट हूक या इंग्रज पंडिताने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यास मधाच्या पोळ्यासारखी घरे दिसली. ती मेलेल्या पेशींची रिकामी घरे होती. जिवंत पेशी मात्र वीट नसून नांदता वाडाच होय. वाड्यात माजघर निराळे, स्वयंपाकघर निराळे, धान्याची कोठी निराळी. तशी पेशीतही निरनिराळ्या कामांस निरनिराळी दालने असतात. त्यांच्या भिंती म्हणजे स्निग्ध द्रव्याचे दुहेरी, अत्यंत पातळ पापुद्रे होत. हे पापुद्रे एकावर एक रचले तर एका मिलिमीटरच्या जाडीत लाखाहून अधिक मावतील. या पापुद्र्यांत प्रथिनांची दारे बसविलेली असतात. कोणता पदार्थ आत घ्यावा, कोणता बाहेर काढावा, हे ती दारे ठरवितात.

मुख्य दालने पुढीलप्रमाणे आहेत. पहिले केंद्रक; यात बीजाचा वारसा म्हणजे वाडवडिलांपासून आलेले सारे दप्तर असते. दुसरे हरितलवक, हे हिरव्या पानांत असते आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेतील कर्बवायूपासून साखरेची पूर्वतयारी येथे होते. तिसरी तंतुकणिका, ही पेशीची चूल होय. साखर व हवेतील प्राणवायू यांच्या योगाने येथे कामाची शक्ती तयार होते. या तंतुकणिकांस स्वतःचेही थोडेसे आनुवंशिक द्रव्य असते. संकरित बाजरीच्या बीजोत्पादनात जी नरवंध्य ओळ वापरतात, तिचे वांझपण याच द्रव्यातून आईकडून उतरते. चौथी, पडद्यांची एक गुंतागुंतीची जाळी व तिच्याजवळील चपट्या पिशव्या. प्रथिने तयार करणे, त्यांची बांधाबांध करणे व ती योग्य ठिकाणी रवाना करणे हे काम येथे चालते.

पाचवे दालन म्हणजे आपल्या आजच्या विषयाचा गाभा. वनस्पतीच्या वाढ झालेल्या पेशीत मधोमध एक मोठी थैली असते. पुस्तकांत तीस रिक्तिका असे नाव आहे. प्रारंभीच्या सूक्ष्मदर्शकांतून ती रिकामी दिसे, म्हणून हे नाव पडले. वस्तुतः ती रसाने गच्च भरलेली असते. पक्व पेशीची बहुतेक जागा, कित्येकदा शंभरातील ऐंशी-नव्वद हिस्से, ही थैलीच व्यापते आणि बाकीची दालने तिच्याभोवती कडेकडेने दाटीने राहतात. आम्ही तीस या लेखात कोठी असेच म्हणू, कारण तिचे काम कोठीचेच आहे. या कोठीस स्वतःचा पडदा आहे, हे ह्यूगो द व्ह्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1885 साली दाखविले व त्यास नाव दिले. नीरा डाव्या कालव्याचे पाणी सुरू झाले तेही 1885 सालीच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. परंतु कालव्याने आपल्या रानांत काय केले हे समजण्यास त्या पडद्याची ओळख आवश्यक आहे, असे पुढे दिसून येईल.

घरी करून पाहण्याचे प्रयोग

न पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवावा असे आम्ही म्हणत नाही. सूक्ष्मदर्शक नसला तरी स्वयंपाकघर आहे.

तांबड्या बीटाच्या चकत्या करून, कापताना सुटलेला रंग जाईपर्यंत त्या गार पाण्याने धुवाव्यात. नंतर काही चकत्या गार पाण्यात व काही कढत पाण्यात टाकाव्यात. गार पाणी बराच वेळ जवळजवळ स्वच्छ राहते; कढत पाणी पाहता पाहता लालभडक होते. बीटाचा रंग कोठीत बंद असतो. उष्णतेने पडदे फाटले की तो बाहेर पडतो. इंदापूरच्या डाळिंबाच्या दाण्यातील तांबडा रस आणि लिंबाच्या फोडीतील आंबट रस हेही कोठीतलेच. लिंबाचा इतका तीव्र आंबटपणा पेशीत मोकळा सुटता तर पेशी जगली नसती.

दुसरा प्रयोग कांद्याचा. सबंध कांदा कितीही हुंगला तरी डोळ्यांस पाणी येत नाही. कापला की येते. कांद्यात एक पाचक द्रव्य, ज्यास शास्त्रात विकर म्हणतात, कोठीत असते आणि ज्यावर ते चालते तो गंधकयुक्त पदार्थ कोठीबाहेर असतो. सुरीने पडदा फाटला की दोघांची गाठ पडते व तिखट वाफ उत्पन्न होते. म्हणजे जे एकत्र येऊ नये ते वेगळे ठेवणे, हेही या पडद्यांचे काम आहे.

तिसरा प्रयोग आपल्या घरी रोज घडतो. काकडीच्या कोशिंबिरीस मीठ लावून ठेवले की पाणी सुटते आणि फोडी मऊ पडतात. बाहेर मीठ अधिक झाले की कोठीतील पाणी पडद्यांतून बाहेर ओढले जाते. कोवळे रोप ताठ उभे राहते ते लाकडाच्या बळावर नव्हे, तर पाण्याने तट्ट फुगलेल्या या कोठ्यांच्या बळावर. कोठ्या ओसरल्या की पान माना टाकते. खारावलेल्या रानात ओल असूनही ऊस सुकतो त्याचे पहिले कारण हेच. मुळांची स्थिती तेथे मीठ लावलेल्या काकडीसारखी होते.

साखरेची कोठी

आता उसाकडे वळू. उसाच्या पानात दोन प्रकारच्या पेशी जोडीने काम करतात. बाहेरच्या पेशी कर्बवायू पकडून त्याचे आम्लात रूपांतर करतात व ते आम्ल शिरांभोवतीच्या आतील पेशींकडे देतात. तेथील हरितलवकांत कर्बवायू पुन्हा मोकळा होऊन त्यापासून साखरेची घडण पुढे चालते. ही दुहेरी योजना प्रथम उसाच्याच अभ्यासातून उलगडली. हवाई बेटांत कॉर्टशॅक व त्यांचे सहकारी आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी 1965–66 च्या सुमारास ती प्रसिद्ध केली. उन्हाळ्याच्या कडक उन्हातही ऊस इतका वाढतो, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी या योजनेस आहे.

पानात तयार झालेली साखर वाहक नळ्यांतून कांड्यात उतरते आणि कांड्यातील गराच्या पेशींच्या कोठ्यांत साठते. आपण चरकात ऊस घालतो तेव्हा वास्तविक कोट्यवधी कोठ्या फोडीत असतो. पक्व उसाच्या रसात शंभरास सोळा ते वीस भाग साखर असते. इतका गोड रस पेशीच्या बाकीच्या कारभारात मोकळा असता तर तो कारभार चालणे कठीण झाले असते. म्हणून निसर्गाने ती साखर पडद्याआड ठेविली.

परंतु याच कोठीत साखरेचा एक भागीदारही राहतो. इन्व्हर्टेज नावाचे विकर साखरेचे दोन तुकडे करते. एक द्राक्षसाखर व दुसरी फळसाखर. कोवळ्या, वाढत्या कांड्यात या विकराचा जोर फार असतो व तो असावयासच हवा. वाढीस इंधन पाहिजे असते. कांडे पक्व होत जाते तसा हा जोर ओसरतो आणि साखर टिकून राहते. कोवळ्या उसाचा किंवा वाढ्यालगतच्या कांड्यांचा रस गुळास चांगला नाही, गूळ चिकट होतो व काकवी सुटते, असे जुने गुळवे सांगत आले ते याच कारणाने. तुटलेल्या साखरेचा खडा बसत नाही. तोडणीच्या तोंडावर नत्रखत व भरपूर पाणी दिले तर ऊस पुन्हा वाढीस लागतो आणि साठलेली साखर मोडून खातो. उलट शेवटचे काही आठवडे पाणी हळूहळू कमी करीत नेले तर वाढ थांबते आणि कोठी भरते.

तोडलेल्या उसाचेही असेच आहे. ऊस तोडला तरी पेशी लगेच मरत नाहीत. पानांकडून येणारी भर मात्र बंद होते. या स्थितीत इन्व्हर्टेजचा जोर पुन्हा वाढतो, आणि तोडीच्या जखमेतून जंतू शिरून तेही साखर फस्त करतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात फडात पडलेली मोळी म्हणजे उघडी राहिलेली कोठी समजावी. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत ऊस गाळपास जावा, हा नियम याच कारणाने घातलेला आहे. फड पेटवून तोडण्याची जी घाई अलीकडे होते ती तर अधिकच नुकसानीची. आगीच्या झळीने पेशींचे पडदे भाजतात, वरील मेण जाते आणि असा ऊस पाचट सोलून तोडलेल्या उसापेक्षा लवकर बिघडतो. शिवाय पाचट जळून जमिनीचे अन्न जाते ते निराळेच.

मिठाचा शिरकाव

जी कोठी साखर ठेवते तीच मिठाचेही ठिकाण होते, आणि येथे आमच्या विषयाचा कठीण भाग येतो. जमिनीतील पाण्यात सोडियमयुक्त क्षार वाढले की मुळे शक्य तितके ते बाहेरच अडवितात. तरी काही आत शिरतातच. ते पेशीच्या मोकळ्या भागात साचले तर तेथील विकरे बिघडतात. म्हणून पेशी ते उचलून कोठीत कोंडते. कोकणात खाडीकाठी उगवणारी मोरस नावाची भाजी याच युक्तीवर जगते. तिची पाने जाड, रसाळ व खारट लागतात. ऊस मात्र मोरस नव्हे. थोडे मीठ तो कोंडू शकतो. फार झाले की त्याची कोठी, त्याचे दार व त्याचा जोर, तिन्ही अपुरी पडतात. कोठीत मीठ आले की रसात क्षार वाढतात, कारखान्यात साखरेचा उतारा घटतो, मळी वाढते, आणि गुऱ्हाळावर गूळ खारट होतो. जिभेला लागलेले ते मीठ कढईत पडलेले नसून कोठीतून आलेले असते.

आता मुख्य मुद्दा. मीठ कोठीत आपोआप जात नाही. ते ढकलावे लागते, आणि ढकलण्यास शक्ती लागते. ही शक्ती तंतुकणिकांच्या चुलीतून येते. चुलीस प्राणवायू पाहिजे. मुळास हवा मिळत असता द्राक्षसाखरेच्या एका कणापासून पेशीस शक्तीची सुमारे 30 नाणी मिळतात. हवा कोंडली तर अवघी 2. म्हणजे रान दलदलीचे झाले की मुळांची चूल विझते, दारावरचा पहारेकरी उपाशी बसतो, आणि नेमके त्याच वेळी मीठ अधिक आत शिरते. खारवट जमीन एकपट वाईट. खारवट व पाणथळ जमीन त्याहून पुष्कळच वाईट. मिठाचा त्रास दिसला की आपण काय करतो? पीक सुकत आहे असे पाहून आणखी एक पाणी देतो. निचरा नसलेल्या रानात हे पाणी म्हणजे औषध समजून दिलेले विषच होय.

हे आम्ही दुसऱ्यास शिकवीत आहोत असे नाही. स्वतः भोगून सांगत आहोत. आमच्या वाट्यास ओढ्याकाठचा एक सखल तुकडा आहे. नोकरीत असता तो वाट्याने लावीत असू आणि सुटीच्या दिवशी जाऊन पाणी पाहत असू. पुढची पाळी मिळेल की नाही या धास्तीने प्रत्येक पाळीस सरीच्या माथ्यापर्यंत पाणी भरावे, हा आमचाच हुकूम. लागण उत्तम आली, खोडवा मध्यम आला, तिसऱ्या वर्षी सखल कोपऱ्यात ऊस हातभर उंचीवर थांबला. आम्ही खत वाढविले, पाणीही वाढविले. पाचव्या वर्षी गाव नमुना 12 मध्ये त्या कोपऱ्यासमोर पड अशी नोंद झाली. दुसऱ्यांच्या रानांच्या अशा नोंदी आम्ही कचेरीत वर्षानुवर्षे उतरून घेतल्या होत्या आणि त्यांचा अर्थ कधी विचारला नव्हता.

नीरेच्या खोऱ्याचा अनुभव

ही गोष्ट नवीन नाही. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच, 1910 साली, पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी तम्हाणे यांची नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने प्रसिद्ध केली. आपल्या काळ्या रानाखाली मुरूम व काळा पाषाण आहे. खडक झिजताना त्यातून क्षार सुटतात. पूर्वी ते खोल राहत. कालव्याचे व पाटाचे पाणी मुरून भूजलाची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले. पाणी उन्हाने उडून गेले आणि क्षार मागे राहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या पुणे भागात पाटबंधाऱ्यांचे अभियंते असता त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत सुचविली व ती येथे अमलात आली. ठराविक क्षेत्राच्या गटास ठराविक पाणी, त्यापैकी सुमारे तिसऱ्या हिश्शात ऊस व बाकीच्या रानात हलकी, हंगामी पिके, आणि उसाची जागा पाळीपाळीने बदलावयाची, असे तिचे स्वरूप होते. पाण्याची काटकसर हा तिचा हेतू होताच; एकाच रानास सतत ऊस न लावल्याने जमिनीस विसावाही मिळे. पुढे 1928 मध्ये भाटघरचे लॉइड धरण पुरे झाले, 1980 मध्ये उजनीचे धरण झाले व इंदापूर तालुक्यास त्याच्या फुगवट्याचे पाणी लाभले. पाणी वाढले, ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले, घरे पक्की झाली, मुले शिकली. हे सारे खरे. तथापि पाण्याबरोबर निचऱ्याची चिंता त्या मानाने वाढली नाही, हेही खरे.

माळेगाव येथे 2009 साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने अजैविक ताणांच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय संस्था स्थापिली. दुष्काळ, उष्णता, क्षार, दलदल यांपासून पिकास होणारे क्लेश हा तिचा विषय आहे. अशी संस्था आपल्या दारात आहे. शंका असेल त्याने तेथे किंवा कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारण्यास संकोच करू नये.

काय करावे

पहिली गोष्ट, माती तपासून घ्यावी. क्षारांचे माप विद्युतवाहकतेने करतात. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता डेसीसायमन प्रति मीटर या मापाने 1.7 पर्यंत असेल तोवर उसाचे उत्पन्न घटत नाही. त्यापुढे दर एका मापास शंभरात सुमारे सहा भाग घट येते. म्हणजे 5 च्या आसपास पाचवा हिस्सा जातो व 10 वर निम्मे पीक जाते. नुसत्या डोळ्यांस पांढरी खपली दिसेपर्यंत थांबणारा मनुष्य फार उशिरा जागा होतो. विहिरीचे पाणीही तपासावे.

दुसरी गोष्ट, निचरा. सखल बाजूने उघडे चर खोदावेत, अगर जमिनीखाली छिद्रांच्या नळ्या घालाव्यात. चराचे पाणी शेजाऱ्याच्या रानात सोडून भागत नाही. ते ओढ्यापर्यंत नेले पाहिजे. म्हणून हे काम एकट्याचे नसून शिवाराचे आहे, आणि आपल्या सोसायटीसारख्या मंडळाने ते अंगावर घ्यावे. निचरा झाल्यावरच गोडे पाणी देऊन क्षार खाली धुवून काढता येतात. निचऱ्यावाचून धुणे म्हणजे मीठ जागच्या जागी ढवळणे होय.

तिसरी गोष्ट, खारवट व चोपण यांत भेद करावा. पांढरी खपली धरणारी जमीन निचरा व गोडे पाणी यांनी सुधारते. ओली असता लोण्यासारखी चिकट व वाळली की दगडासारखी होणारी चोपण जमीन सोडियमने बिघडलेली असते. तीस तपासणीप्रमाणे जिप्सम द्यावे लागते. दोहोंसही ताग किंवा धैंचा गाडणे हितकर आहे.

चौथी गोष्ट, पाणी बेताने द्यावे. ठिबक असेल तर उत्तम. नसेल तर एकाआड एक सरीत पाणी सोडावे, आणि पुढच्या पाळीच्या भीतीने आजची सरी तुडुंब भरू नये. उसानंतर त्या रानास एखादे हंगामी पीक अवश्य द्यावे.

पाचवी गोष्ट, क्षार थोडे असतील तेथे सोसणारी जात निवडावी. उदाहरणार्थ फुले 265 ही जात अशा रानांत इतरांपेक्षा बरी टिकते. तथापि सोसणारी जात म्हणजे निचऱ्याचा बदला नव्हे.

आमच्या त्या पड कोपऱ्यात आम्ही निवृत्त झाल्यावर ओढ्यापर्यंत चर खोदला आणि एक पावसाळा धैंचा केला. त्यानंतर तेथे गहू आला, मग ऊस लावला. तो अद्याप बांधावरच्या उसाच्या तोडीचा झालेला नाही. परंतु गेल्या साली त्याचा रस वेगळा काढून चाखला, तेव्हा खारटपणा जवळजवळ गेलेला आढळला. नमुना 12 मधील पड हा शब्दही गेला आहे. वाचकांपैकी ज्यांच्या रानात अशी सुरुवात दिसत असेल त्यांनी या उन्हाळ्यातच माती तपासावी, पाच वर्षे थांबू नये, एवढीच आमची विनंती आहे.